साप नोंदवला, उंदरांचे काय?

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २८ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम जाहीर केले आणि घरात परदेशी वन्यप्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणीसाठी सहा महिन्यांची मुदत दिली. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीचे हे पुढचे पाऊल. पोपट, इग्वाना, कासवे यांच्या बरोबरीने या नोंदणीच्या रांगेत एक पाहुणा असा आला की, पेठांमधल्या जुन्या माणसाला त्याचे नावही उच्चारता यायचे नाही. हा पाहुणा म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन. प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी जो ‘साइट्स’ करार आहे त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात हा साप आहे, म्हणून तो आपल्या कायद्याच्या कक्षेत आला. अमेरिकेतला कॉर्न स्नेक त्या परिशिष्टांत नाही, म्हणून त्याला ही नोंदणी लागत नाही. आपला नाग, आपली धामण, आपला अजगर यांना घरी ठेवणे हा तर सरळ गुन्हाच आहे.

सापाचा प्रश्न असा कागदोपत्री मार्गी लागत असताना त्याच्या ताटाकडे मात्र कुणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. साप शाकाहारी होत नाही. त्याला उंदीर लागतो. आठवड्याला, पंधरवड्याला, पण नियमाने लागतो. दुकानातून दर वेळी आणणे परवडत नाही म्हणून हौशी माणूस उंदरांची जोडी घरी आणतो आणि तिथून पुढे जे सुरू होते त्याची खबर प्रथम शेजाऱ्याच्या नाकाला लागते. माझ्याकडे या विषयावर जी माणसे सल्ला विचारायला येतात, त्यांतल्या एकानेही अजून सापाबद्दल विचारलेले नाही. प्रश्न एकच असतो, ‘सर, वास कसा घालवायचा?’

कोल्हापूरकरांना वासाचे वावडे नाही. गुऱ्हाळाचा वास, साखर कारखान्याच्या मळीचा वास, कातड्याचा वास, उन्हाळ्यात पंचगंगेचा वास, या सगळ्यांशी आपण पिढ्यान्‌पिढ्या जमवून घेतले आहे. तरीही भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात माळ्यावर किंवा मागच्या बोळात उंदरांचे पिंजरे आले की आठ-पंधरा दिवसांत कुजबुज सुरू होते. उंदीर म्हटले की आपल्याकडे अजून एक जुनी भीती अंगात आहे. ‘उंदीर पडू लागले’ हे दोन-तीन शब्द ऐकले की प्लेगच्या दिवसांत लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. १९९४ साली बीड जिल्ह्यातले मामला आणि पाठोपाठ सुरत ही नावे वर्तमानपत्रांत आली, तेव्हा ती भीती पुन्हा जागी झाली होती. पिंजऱ्यातल्या पांढऱ्या उंदराचा प्लेगशी काही संबंध नाही हे शेजाऱ्याला समजावता येते. पण नाकाला समजावता येत नाही.

आता मुळात हा वास येतो कुठून? पहिली गोष्ट, उंदीर हा घाणेरडा प्राणी नाही. तो मांजरासारखा दिवसातून अनेकदा अंग चाटून स्वच्छ करतो. त्याचे ताजे मूत्रही फार उग्र नसते. (मराठीत लहान माउस आणि मोठा रॅट या दोघांनाही आपण उंदीर म्हणतो. यातल्या लहान्या नराचे मूत्र खरोखर उग्र असते, मोठ्याचे त्या मानाने सौम्य. आणि घरात ‘उंदराचा’ म्हणून जो कस्तुरीसारखा दर्प येतो तो पुष्कळदा चिचुंद्रीचा असतो. ती बिचारी उंदीर नव्हेच.) वास तयार होतो तो नंतर, खाली अंथरलेल्या भुशात.

मूत्रात युरिया असतो. युरियाला वास नाही. पण विष्ठेतले आणि भुशातले जंतू युरिएज नावाचे विकर तयार करतात आणि ते ओलाव्यात युरिया फोडून त्याचा अमोनिया करते. ऊस उत्पादकाला हे रसायनशास्त्र शिकवायला नको. ओल्या रानात युरिया नुसता वर फेकून ठेवला तर निम्मे खत हवेत जाते, म्हणून तो मातीआड करावा, हे तो जाणतो. उंदराच्या पिंजऱ्यात नेमके तेच घडते, फक्त इथे मातीआड करायला कुणी नसते. या क्रियेला थोडा वेळ लागतो. स्वच्छ पिंजऱ्यात पहिले दोन-तीन दिवस काहीच जाणवत नाही. जंतूंची संख्या पुरेशी वाढली, ओल साचली, की चौथ्या-पाचव्या दिवसानंतर अमोनिया एकदम उसळतो. त्यामुळे ‘काल तर वास नव्हता’ ही तक्रार खरी असते.

मी कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकवत होतो, तेव्हा आमच्या विभागाला एक उंदीरघर होते. बी.एस्सी.च्या वर्गाला विच्छेदनासाठी पांढरे उंदीर लागत. उंदीरघर सांभाळणारे परिचर आम्हा सगळ्यांचे मामा. शिक्षण सातवीपर्यंत, पण उंदरांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली ती पुढे कुठल्याच पुस्तकात इतक्या नेमकेपणाने सापडली नाही. ते म्हणत, ‘सर, वास बघायचा तर सकाळी दार उघडल्या उघडल्या बघायचा. आत दोन मिनिटं काढली की नाक मरतंय, मग काय बी कळत नाही.’ सकाळी दारातच ते उभे राहत, एक श्वास घेत आणि आज कुठल्या रांगेतले पिंजरे काढायचे ते ठरवत. नाक मरते हे शास्त्राला धरूनच आहे. एकाच वासात काही वेळ राहिले की माणसाची घ्राणशक्ती त्या वासापुरती बोथट होते. घरात उंदीर पाळणाऱ्याला वास येत नाही आणि पायरीवर आलेल्या पाहुण्याला येतो, याचे कारण तेच. मालक खोटे बोलत नसतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०१४ मध्ये ते बंदच केले. निर्णय योग्य होता. आम्ही कापलेल्या उंदरांपैकी निम्म्यांचे मरण कुणाच्याही ज्ञानात भर न घालता गेले, हे मी स्वतः सांगू शकतो. परंतु त्याबरोबर महाविद्यालयांची उंदीरघरे ओस पडली आणि मामांसारख्या माणसांचे कसबही निवृत्त झाले. नेमके त्याच दशकात परदेशी सापांची हौस वाढीला लागली. म्हणजे उंदीर नीट सांभाळण्याची विद्या ज्या काळात शहरातून गेली, त्याच काळात उंदीर घरोघरी आले. आजच्या वासाच्या तक्रारींची मुळे मला या विचित्र योगायोगात दिसतात.

मामांच्या विद्येतला पहिला धडा मोजदादीचा होता. मादी गाभण राहिल्यापासून एकवीस ते तेवीस दिवसांत विते. एका वेळी आठ-दहा, कधी बारा पिल्ले. व्याल्यानंतर एका दिवसाच्या आत ती पुन्हा नराला घेऊ शकते. पिल्ले तीन आठवड्यांनी आईपासून सुटतात आणि आणखी काही आठवड्यांत तीच वयात येतात. पाचव्या आठवड्यापर्यंत नर-माद्या वेगळ्या केल्या नाहीत तर पुढचा हिशेब देवालाही लागत नाही. आता सापाची बाजू पाहा. एक पूर्ण वाढलेला बॉल पायथन वर्षाकाठी तीस-चाळीस उंदीर खातो, थंडीच्या दिवसांत तर महिनोन्‌महिने तोंड फिरवून बसतो. म्हणजे एका सापासाठी उंदरांची एक जोडीसुद्धा जास्तच झाली. तरी ‘एक मेली तर हाताशी असावी’ म्हणून माणूस तीन-चार माद्या ठेवतो. चार महिन्यांत पिंजऱ्यांत चाळीस-पन्नास जीव होतात.

मोठा उंदीर दिवसाला पंचवीस-तीस मिलिलिटर पाणी पितो आणि दहा-पंधरा मिलिलिटर मूत्र टाकतो. चाळीस उंदरांचे रोजचे अर्धा लिटर झाले. आठवडाभर साडेतीन लिटर मूत्र माळ्यावरच्या भुशात ओतत राहिले तर काय होईल याची कल्पना करायला प्राणिशास्त्राची पदवी नको. बाजारात वासासाठी जी द्रव्ये मिळतात त्यांतले एकही या हिशेबाला पुरे पडत नाही. पुरा पडतो तो एकच उपाय, तो म्हणजे उंदीर कमी ठेवणे. सल्ला विचारायला आलेल्या माणसाला हे सांगितले की त्याचा चेहरा पडतो. त्याला बाटलीतले काहीतरी हवे असते.

बाटलीतल्या उपायांनी होणारे नुकसान मात्र सविस्तर सांगायला हवे. फिनेल वासावर वास चढवते. अमोनिया जिथल्या तिथे राहतो. धूप-उदबत्तीचेही तेच, शिवाय धुराने उंदराची छाती आणखी बिघडते. गोठ्यात चुन्याची फक्की मारायची आपल्याकडे जुनी रीत आहे, म्हणून काही जण पिंजऱ्याखाली चुना पसरतात. ओल्या भुशात हा उपाय नेमका उलटा पडतो. चुन्याने भुसा अल्कधर्मी होतो आणि त्यात धरून राहिलेला अमोनियाही वायू होऊन बाहेर पडतो. सर्वांत धोक्याचा प्रकार ब्लीचिंगचा. मूत्राने भिजलेल्या ट्रेमध्ये ब्लीचिंग पावडर किंवा तसले द्रावण ओतले की अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइन नावाचे विषारी वायू निघतात. बंद खोलीत माणसाचे डोळे-घसा जळू लागतो. त्यावर कुणी संडास धुण्याचे ॲसिड टाकले तर थेट क्लोरीन. त्यापेक्षा आधी साध्या पाण्याने धुवावे, मग घरातल्या व्हिनेगरने किंवा लिंबूफुलाच्या पाण्याने पुसावे. आम्लाने अमोनिया बांधला जातो आणि ट्रेच्या तळाला मूत्रक्षारांचा जो पांढरा कीट बसतो, जो साबणाने हलत नाही, तोही सुटतो. नंतर ट्रे उन्हात टाकावा. मामांकडे याहून वेगळे काही नव्हते आणि आमच्या प्राचार्यांच्या खोलीची खिडकी उंदीरघराच्या अंगाला उघडत होती.

खाली काय अंथरावे हा प्रश्न आमच्या भागात फार रंजक आहे. ऊस आपला, चिपाड आपले, त्यामुळे बगॅस फुकट मिळतो आणि तो सुकलेला, भुसभुशीत दिसतो. पण त्यात साखरेचा अंश राहिलेला असतो. ओल लागली की तो आंबतो, त्यावर बुरशी आणि बुरशीसारखे जंतू धरतात. साठलेल्या जुन्या बगॅसच्या धुळीने माणसाच्या फुप्फुसाला जो आजार होतो त्याला बगॅसोसिस हे स्वतंत्र नावच आहे. तेव्हा बगॅस नको. लाकडाचा भुसा चालतो, पण देवदार-चीड अशा तेलकट, वासाच्या लाकडाचा नको. त्यातील द्रव्यांचा उंदराच्या यकृतावर परिणाम होतो हे प्रयोगशाळांना फार पूर्वीच कळून चुकले आहे. रद्दीच्या कागदाच्या पट्ट्या पाणी शोषतात, उंदीर त्यांचे घरटेही सुरेख करतो, पण अमोनिया थोपवण्यात कागद कमी पडतो. मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचा रवा त्या बाबतीत सर्वांत सरस ठरला आहे. आणि आजरा, चंदगड, राधानगरीकडचे भाताचे तूस? भारतातल्या कित्येक प्रयोगशाळांत तेच वापरतात. ते स्वस्त, हवेशीर आणि निर्धोक आहे. पण वर वाळूसारखा सिलिकेचा थर असल्यामुळे ते पाणी फारसे पीत नाही. म्हणून तूस वापरायचे तर ते लवकर बदलावे लागते. आम्ही आठवड्यातून दोनदा बदलत असू. खाली बुरकुंडाचा थर, वर तूस, असेही करून पाहण्यासारखे आहे.

बदलताना एक पथ्य आहे. नुकत्याच व्यालेल्या मादीचा पिंजरा पहिले काही दिवस हलवू नये. घाबरलेली मादी पिल्ले मारून खाते. इतर वेळीही जुन्या, कोरड्या घरट्याची एक मूठ नव्या भुशात ठेवावी. सगळा ओळखीचा गंध एकदम पुसला गेला की उंदीर बेचैन होतात आणि नव्या जागेवर आपली निशाणी मारण्याचा सपाटा लावतात. अतिस्वच्छतेनेही वास वाढू शकतो, हे हौशी माणसाला पटायला वेळ लागतो.

खाण्याचाही संबंध आहे. घरचे उरलेले खाद्य, कुत्र्याच्या पिल्लाचे खाद्य, मटणाची हाडे असे घातले की उंदीर खूश, पण गरजेपेक्षा जास्त प्रथिन गेले की त्याचा युरिया होतो आणि पुढची कथा वर सांगितलीच. शिवाय सांडलेल्या खाद्यावर रात्री गटारातले उंदीर आणि घुशी येतात. खरा धोका तिथे आहे. पिंजऱ्यातला पांढरा उंदीर सहसा निरोगी असतो. बाहेरचा उंदीर पिंजऱ्यावर मुतून जातो आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू घरात येतात. पिंजरा हाताळताना हाताला जखम असेल तर हातमोजे हवेत. उंदीर चावला आणि दोन-चार दिवसांनी ताप आला, सांधे धरले, तर डॉक्टरांना चावल्याचे आवर्जून सांगावे. मूषकदंश ज्वर नावाचा आजार साध्या पेनिसिलिनला वळतो, पण तो डॉक्टरांच्या डोक्यात यायला हवा.

आतापर्यंत मी वासाबद्दल माणसाच्या नाकाच्या बाजूने लिहिले. दुसरे नाक उंदराचे. ते भुशापासून दोन बोटांवर असते, आणि उंदीर तोंडाने श्वास घेऊच शकत नाही. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे पाचेक भाग झाले की माणसाला वास कळू लागतो. आठ तास काम करणाऱ्या माणसासाठी अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने पंचवीस भागांची मर्यादा सुचवली आहे. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की, उंदरांच्या श्वसनमार्गात कायम ठाण मांडून असलेला मायकोप्लाझ्माचा रोग पंचवीस भागांपासूनच बळावू लागतो. उंदीर शिंकू लागतो, त्याच्या श्वासाची खरखर ऐकू येते, नाका-डोळ्यांभोवती लालसर खपली धरते. ती रक्ताची नसते, ताणाखाली असलेल्या उंदराच्या अश्रूंतले ते रंगद्रव्य असते. शेजाऱ्याला जिन्यात वास आला, याचा अर्थ पिंजऱ्याच्या तळाशी काय असेल याचा अंदाज करा. तो उंदीर आठ तासांनी घरी जात नाही.

‘नाहीतरी सापाच्या तोंडात जाणार, त्याची छाती कशाला तपासायची?’ असे मला एकाने हसत विचारले. मला हसू आले नाही. ज्याला मारायचे त्याला मरेपर्यंत नीट वागवायचे, एवढी रीत आपल्याकडच्या बकरी पाळणाऱ्या धनगरालाही ठाऊक आहे. आणि हिशेबच करायचा तर रोगट उंदीर हे सापाचेही निकृष्ट अन्न आहे.

सापाशी आमच्या भागाचा संबंध काही आजचा नाही. पलीकडे सांगली जिल्ह्यात बत्तीस शिराळ्याला नागपंचमीसाठी नाग पकडून मडक्यात ठेवत, त्यांना बेडूक-उंदीर घालत आणि पंचमी झाली की रानात सोडत. २००२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या प्रथेला आळा बसला. २०२५ मध्ये केंद्राने अभ्यास-प्रबोधनाच्या नावाने एकवीस नाग पकडण्याची मर्यादित परवानगी दिली, तेव्हा वाद पुन्हा पेटला. त्या वादात मी इथे शिरत नाही. लक्षात घेण्यासारखे एवढेच की, त्या प्रथेत साप चार दिवसांचा पाहुणा होता, त्याच्यासाठी कुणाला उंदरांचा संसार मांडावा लागला नाही. दुसरे टोक चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीचे. तिथल्या मामासाहेब लाड विद्यालयात बाबुराव टक्केकर या शिक्षकाने सर्पशाळा उभी केली आणि खेड्यातल्या मुलांच्या मनातून सापाची भीती काढली. तिथे साप शिकवण्यासाठी होता, दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत शोभेसाठी नव्हता. पुण्याला कात्रजचे सर्पोद्यान नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ साली सुरू केले तेही याच ओढीने. या जागा उघड्यावर, संस्थेच्या छत्राखाली होत्या. आजची हौस दोन खोल्यांच्या घरात आहे, आणि अडचण तिथेच आहे.

सर्पमित्रांबद्दल एक अप्रिय गोष्ट लिहिणे भाग आहे. कोल्हापुरात सर्पमित्रांनी जे काम केले आहे त्याला तोड नाही; रात्री-अपरात्री पदरचे पेट्रोल जाळून ही मुले जातात. पण पकडलेला साप वनखात्याला कळवून लवकरात लवकर सोडायचा असतो, आणि धडधाकट साप आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याचे काही बिघडत नाही. मग एखाद्या सर्पमित्राच्या घरी उंदरांच्या पिंजऱ्यांची रांग कशाला लागते? तिथे कुठला तरी साप मुक्कामाला आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो. वनखात्याला गुप्त बातमीदाराची गरज नाही, जिन्यातला वास पुरेसा आहे.

कायदा म्हणून पाहिले तर उंदीर अगदीच वाऱ्यावर सोडलेला नाही. २०१८ च्या पेट शॉप नियमांत विक्रीसाठी ठेवलेल्या उंदरांचा समावेश आहे. प्रयोगांसाठीच्या पैदाशीला १९९८ चे नियम आहेत. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार निव्वळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्याचे भक्ष्य म्हणून कोंडणे हा गुन्हा आहे. जिवंत उंदीर सापापुढे टाकून त्याची चित्रफीत मित्रांत फिरवणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे. आणि महानगरपालिका अधिनियमातल्या ‘उपद्रव’ या शब्दाच्या व्याख्येत डोळा आणि कान यांच्याबरोबर नाकही आहे. म्हणजे दुकानातल्या उंदराला नियम आहे, प्रयोगशाळेतल्याला आहे, शेजाऱ्याच्या नाकालाही आहे. घरी सापासाठी वाढवलेल्या उंदराला तेवढा नाही. साप नोंदवून घेताना तो काय खातो, ते कुठून येते आणि कुठे ठेवले जाते, एवढे तीन प्रश्न विचारण्याने वनखात्याचे काम वाढणार नाही.

माझे स्वतःचे मत असे की, पेठेतल्या घरात उंदरांची पैदास करूच नये. शहराबाहेर मोकळ्यावर एखादी शेड असावी, तासाला दहा-पंधरा वेळा हवा बदलेल असे पंखे असावेत, पशुवैद्याची देखरेख असावी. तिथे उंदीर कमीत कमी यातनांनी मारून गोठवावेत आणि हौशी मंडळींनी ते न्यावेत. गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून कोमट केला तर बहुतेक साप तो बिनतक्रार घेतात. जिवंत उंदीर सापाला चावून जबर जखमी करू शकतो, तो धोकाही टळतो. यावर आक्षेप येतो तो घरच्या फ्रिजचा. बासुंदीच्या पातेल्याशेजारी उंदराची पिशवी कुठली गृहिणी ठेवू देईल? कुणीही ठेवू देऊ नये. ज्याला सापासाठी वेगळा छोटा फ्रिज परवडत नाही त्याला साप परवडत नाही, असे मी तोंडावर सांगतो. त्याने माणसे नाराज होतात.

ज्यांच्याकडे आज उंदीर आहेतच त्यांच्यापुढे तातडीचा प्रश्न पावसाळ्याचा आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा इतकी दमट असते की भुसा वाळतच नाही, आणि झड येते म्हणून खिडक्या बंद. वर्षातल्या निम्म्या तक्रारी या चार महिन्यांतल्या. झाकणाला चार भोके पाडलेले प्लास्टिकचे डबे या दिवसांत पूर्ण निकामी ठरतात. तारेच्या जाळीचे झाकण आणि खोलीला बाहेर हवा फेकणारा पंखा हवाच. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले त्यांनी पिंजरे तळमजल्यावर ठेवू नयेत, कारण पाणी चढले की गटारातले उंदीर आधी तिथेच आसरा घेतात. नर आणि माद्या मे महिन्यातच वेगळ्या कराव्यात, म्हणजे ऐन पावसात पिल्लावळ येणार नाही. तुसाची पोतीही तेव्हाच भरून, फळीवर, भिंतीपासून हातभर लांब रचून ठेवावीत. जुलैत गिरणीवर मिळते ते तूस आधीच ओलावलेले असते, आणि ते अंथरले तर वास चौथ्याऐवजी दुसऱ्याच दिवशी येतो.